खुंटीला हात लावायचा नाही

मास्तर,

तुम्ही गेल्याची बातमी आमच्या वर्तमानपत्राच्या जिल्हावार्तांमध्ये चार ओळींत आली. ती मीच लिहिली. नाव, गाव, वय, मागे पत्नी. वयाच्या आधी 'सुमारे' हा शब्द घातला, कारण तुमचं वय तुम्हालाही नक्की ठाऊक नव्हतं. पाचव्या ओळीपुरती जागा होती. तिथं काय लिहावं हे मला ठरवता आलं नाही, आणि ती जागा बाजारभावाला गेली. त्या ओळीत जे मावलं नसतं ते इथं लिहितो आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात ते सायकलच्या चाकाला कान लावून बसलेले. लोहाऱ्याच्या बाजाररस्त्यावर तुमचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नसराईत तेच बँडचं ठिकाण. मी वकीलसाहेबांची सायकल घेऊन आलो होतो. उर्दूतल्या जुन्या कागदांच्या मराठीत नकला करून देणं हे माझं त्यांच्याकडचं काम. आम्ही शाळा शिकलो उर्दूत आणि राज्य आलं मराठीत, म्हणून अशी कामं निघाली होती. तुम्ही चाकाचा एकेक आरा बोटानं छेडत होतात. ज्याचा आवाज मऊ यायचा त्याला किल्लीनं पीळ द्यायचात आणि पुन्हा छेडायचात. मी विचारलं, "डोळ्यांनी दिसत नाही का वाकडं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दिसतंय की. पण डोळा उशिरा सांगतो."

गिटार आत, टायरांच्या मागं, काळ्या पेटीत होती. हैदराबादला फौजेच्या बँडमध्ये तुम्ही पितळी कॉर्नेट वाजवायचात. पोलीस ॲक्शननंतर फौज मोडली, फौजेबरोबर बँड मोडला. तुमच्या शेजारी उभा राहणारा गोव्याचा वादक घरी जायला निघाला, तेव्हा त्याच्याकडं तीन पेट्या होत्या आणि हात दोन. तिसरी त्यानं तुमच्याकडं दिली. त्याच्याकडून तुम्ही गिटारवरचे मोजके स्वरमेळ शिकला होतात, पण बोटं कॉर्नेटची झालेली, तारांवर ती वळत नव्हती.

"ही मला शिकवाल का?" मी विचारलं.

"कशाला? लग्नात बाजा मागतात. हे कोण मागतंय?"

"मग ठेवली कशाला?"

"दिलेली चीज हाय. विकता येत न्हाय, वाजवता येत न्हाय." मग म्हणालात, "तू वाजव. निदान एक तरी गोष्ट सुटंल."

पहिल्या दिवशी वाद्य मांडीवर घेतल्याबरोबर माझा उजवा हात सरळ वर, खुंट्यांकडं गेला. नवीन माणूस तेच करतो. पिळता येण्यासारखं काही दिसलं की पिळतो. आऱ्यांची किल्ली तुम्ही माझ्या बोटांवर मारलीत. हळू, पण मारलीत.

"खुंटीला हात लावायचा नाही. ते माझं काम."

"का?"

"फौजेत बी हीच शिस्त होती. सूर बँडमास्तर बांधतो. बाकीच्यांनी वाजवायचं."

हे मला तेव्हा योग्यच वाटलं. त्यानंतरचे सहा महिने मी खुंट्यांखेरीज बाकी सगळं शिकलो. बोट पट्टीवर ठेवायचं नाही, पट्टीच्या अलीकडं, तिला चिकटून ठेवायचं. अंगठा गिटारच्या मानेच्या मागं सरळ, मुठीसारखा वळवायचा नाही. डाव्या हाताची नखं रोज कापायची. तुम्ही शिंगाच्या कंगव्याचा तुकडा दगडावर घासून तिकोनी केलात आणि तार छेडायला दिलात. सी म्हणजे सा, ग, प एकदम. "तिघं एकदम बोलले पाहिजेत. कुणी म्होरं न्हाय, कुणी मागं न्हाय," तुम्ही म्हणायचात. पाच दिवस माझ्या सीमधला ग मुका होता. तुम्ही पंक्चर काढता काढता तिकडून ओरडायचात, "तुझा मधला मेला!" एफ तर मला पावसाळा संपेपर्यंत आला नाही. तो धरायला एका बोटानं सगळ्या तारा दाबाव्या लागतात. माझ्या बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, तिथं घट्टे पडले. वकीलसाहेब म्हणाले, "नकला लिहून उजव्या हाताला घट्टे पडतात. तुझ्या डाव्याला कसे?"

आणि रोज सुरुवात एकच. मी वाजवायला बसायच्या आधी तुम्ही कॉर्नेट तोंडाला लावायचात, एक सूर द्यायचात, डाव्या हातानं खुंटी पिळायचात आणि जुळवलेली गिटार माझ्या हातात द्यायचात. तारा सोलापूरहून आणाव्या लागत. त्या मिळाल्या नाहीत की तुम्ही ब्रेकची वायर उलगडून तिचा एक पदर ताणून बसवायचात. सूर चांगला यायचा. निदान आम्हाला चांगला वाटायचा.

दुसऱ्या लग्नसराईत तुम्ही मला बँडमध्ये घेतलंत. लाल कोट दिलात. तो माझ्याआधी ज्यानं घातला होता तो माझ्यापेक्षा आडवा होता, पण तुम्ही म्हणालात, "वारा खेळंल." माकणीच्या लग्नात वैशाखातल्या उन्हात वेशीपासून मांडवापर्यंत दोन तास वरात चालली. दोन कॉर्नेट, सिद्रामची क्लॅरिनेट, एक मोठा ढोल, दोन तडतडणारे ताशे, आणि त्यांच्यामध्ये मी, गळ्यात गिटार. एक म्हातारा माझ्या बाजूनं चालत होता. त्यानं वाकून गिटारीच्या भोकाला कान लावला आणि मागच्याला सांगितलं, "आत काय न्हाय. नुसतंच हात हलवतंय पोरगं."

मुक्कामाला पोचल्यावर मी तुम्हाला म्हणालो, "मास्तर, वरातीत मला कशाला चालवता? ऐकू येत नाही."

"कुणाला?"

"कुणालाच."

"तिसऱ्या वळणावर जी धरायचा होता, तू सीवरच राहिलास. मारुतीच्या देवळाजवळ दोनदा मागं पडलास." तुम्ही कॉर्नेटमधली थुंकी झटकलीत. "मला येतं ऐकू."

मी ते पडताळून पाहिलं. पुढच्या वरातीत मुद्दाम चुकीचा स्वरमेळ धरला. तुम्ही दहा पावलं पुढं होतात, ढोल तुमच्या कानाशी होता. तुम्ही न थांबता मान वळवून माझ्याकडं पाहिलंत. तुमच्याकडच्या सगळ्या वर्षांत मी असा साठ-सत्तर लग्नांत चाललो असेन. त्या सगळ्या वाजवण्याला ऐकणारा एकच माणूस होता. आता तोही नाही. ते वाजलं होतं, याला साक्षीदार उरलेला नाही.

जेवणं झाल्यावर मांडवात बैठक व्हायची, तेव्हा मात्र माझी पाळी असायची. ढोल बाहेर, ताशावर फडकं, सिद्रामची क्लॅरिनेट आणि माझे चार स्वरमेळ. सिद्राम श्वास घ्यायला थांबला की त्या रिकाम्या जागेत मी एकटाच असायचो. तेवढ्यापुरतं मला वाटायचं की हे मला येतं, आणि हे घेऊन मी लोहाऱ्याबाहेर कुठंही जाऊ शकतो.

तुम्हालाही कुठंतरी जायचं होतं, हे मला पत्रांवरून कळलं. तुमचा गोव्याचा दोस्त मुंबईला एका हॉटेलात वाजवू लागला होता. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं: कॉर्नेटवाला पाहिजे, ये. इंग्रजी पत्र मी वाचून दाखवायचो आणि तुम्ही सांगाल ते उत्तर लिहायचो. "लिही. सलाम. सराई झाली की येतो." सिद्राम तिथंच बसलेला असायचा. "मास्तर, तुमी गेल्यावर आमी कुणाच्या मागं चालायचं ओ? ढोलाच्या?" तो हसत हसत म्हणायचा. तुम्ही हसायचा नाहीत. तीन वर्षं मी तेच उत्तर लिहिलं, एक शब्दही न बदलता. चौथ्या वर्षी पत्र आलं नाही. पोस्टमन गेल्यावर तुम्ही एक धड असलेलं चाक काढून पुन्हा बांधायला बसलात.

आता सोलापूर. हे मी शंभर वेळा स्वतःला सांगितलं आहे, तुम्हाला एकदाही पूर्ण सांगितलं नाही.

सोलापूरच्या एका वाद्यवृंदाला गिटारवाला हवा होता. पगारी काम, वर्षभर. सिद्रामच्या मेहुण्याकडून मला कळलं. मी तुमच्यापासून काही लपवलं नाही. गिटार तुमची, तुम्हाला विचारूनच न्यायची होती. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "कधी?" मी वार सांगितला. त्या सकाळी मी मोटारीच्या वेळेआधी दुकानात आलो, तर गिटार बाहेर काढून ठेवलेली. तुम्ही कॉर्नेट तोंडाला लावलीत, सूर दिलात, सहाही तारा एकेक करून जुळवल्यात. रोजच्यासारख्या. पेटी बंद केलीत आणि वरून फडकं मारलंत. "धूळ लई असती रस्त्यात," म्हणालात.

सोलापुरात एका शाळेच्या खोलीत पाच माणसं बसली होती. हार्मोनियमवाले वयस्क, बोलायला नरम. म्हणाले, "सी धरा." मी धरला. तिन्ही सूर एकदम बोलले, कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. त्यांनी हार्मोनियमवर पांढरी एक, म्हणजे त्यांचा सी, दाबली. ते दोन आवाज एका खोलीत राहू शकत नव्हते.

"हा कुठला सी?"

"सीच आहे."

त्यांनी पट्ट्या चाचपडत काळी पाच दाबली. तिथं जुळलं. "तुमचा सी इथं बसतोय. आख्खा एक सूर खाली." ते तबलेवाल्याकडं पाहून हसले. "लोहाऱ्याचा सी निराळा असतो का हो?"

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं. हार्मोनियमवाले म्हणाले, "राहू द्या, बँडातून आलेत. कॉर्नेटवाले ज्याला सी म्हणतात तो इथंच असतो. त्यांच्या शेजारी उभं राहून शिकलात वाटतं. काही हरकत नाही. तारा चढवून घ्या, आम्ही थांबतो."

पाच माणसं थांबली. मी खुंटीला हात लावला, पाच वर्षांत पहिल्यांदा. कुठल्या बाजूला पिळली की तार चढते, ते मला माहीत नव्हतं. एक उतरली. एक चढली, पण कुठं थांबायचं ते कळेना. तिसरी तुटली आणि तिचं टोक माझ्या मनगटाला लागलं. तबलेवाल्यानं ती तार उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "अरे, ही ब्रेकची वायर आहे!" त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. हार्मोनियमवाल्यांनी मला चहा पाजला. म्हणाले, "हात तयार आहे तुमचा. पण ज्याला वाद्य जुळवता येत नाही त्याला मी कसा घेऊ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आलो. तुम्ही आरे छेडत होतात.

"काय झालं?"

"तार तुटली."

"म्हणून सांगतो, खुंटीला..."

"तुम्ही मला जुळवायला का शिकवलं नाही?"

"तुला वाजवायला शिकवलं. जुळवायला मी हाय की."

"तुम्ही सोलापुरात नव्हतात."

तुम्ही चाक फिरवलंत. ते थांबेपर्यंत पाहत राहिलात. मग म्हणालात, "तू बी न्हाईस आता. हिथंच हायेस. परवा वाशीला लगीन हाय, उद्या निघायचं. कोट धुऊन ठेव."

मी कोट धुऊन ठेवला. त्यानंतर आणखी दोन सराया तुमच्या मागं चाललो. दुसरं काय करणार होतो? माझी गिटार जगात फक्त तुमच्या कॉर्नेटशी जुळत होती. आऱ्यांची किल्ली तुम्ही माझ्या हातात कधीच दिली होतीत; गिऱ्हाइकांची चाकं मी एकटा सरळ करत होतो. म्हणजे माझ्या कानावर तुमचा भरवसा होता. तरी खुंट्या तुमच्याच राहिल्या. मीही परत कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, हे आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही.

तुम्ही मला जुळवायला का शिकवलं नाही, या प्रश्नाला तीन उत्तरं निघतात. एक, वायरच्या तारा वर चढवल्या की तुटायच्या, म्हणून तुम्ही जपत होतात. दोन, बँडला खालचा सूरच सोयीचा होता, आणि बाहेर जग वेगळ्या सुरात वाजतं हे तुमच्या ध्यानातच आलं नाही. तीन, तुमच्या ध्यानात होतं. मी जाऊ नये म्हणून तुम्ही ते मला सांगितलं नाही. सोलापूरच्या वर्तमानपत्रात नोकरी लागून मी लोहारा सोडलं, तेव्हा तिसरं उत्तर खरं धरून सोडलं. निघताना गिटारकडं पाहिलं नाही. तुम्ही म्हणालात, "येत जा." मी "बघू" म्हणालो. त्यानंतर गिटार हातात घेतली नाही. अजूनही कुठं हार्मोनियम ऐकली की मला ती चढी वाटते. क्षणभरच, पण दर वेळी.

गेल्या वर्षी तुम्ही आमच्या कचेरीत आला होतात. उद्याच्या अंकाचं पान लागत होतं, मी निरोप पाठवला की थांबा. तुम्ही बाहेरच्या बाकावर तासभर बसलात. मी बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. शिपाई म्हणाला, "काही विशेष नाही म्हणाले. तोंड बघायला आलो होतो म्हणाले." पान खरं तर अर्ध्या तासात झालं होतं. उरलेला अर्धा तास मी टेबलाशी बसून काढला.

काल तुमच्या घरी आलो. आम्ही चाची म्हणायचो त्या तुमच्या पत्नीनं मला आत बोलावलं आणि काळी पेटी पुढं ठेवली. "ये तुझी." मी म्हणालो, माझी नाही, मास्तरांची. त्या म्हणाल्या, "खोल तो सही." पेटीत गिटारच्या मानेखाली फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी काटा होता. दोन दांड्यांचा, शाळेत विज्ञानाच्या तासाला दाखवतात तसा नादकाटा. त्याच्या देठावर फौजेचा शिक्का होता. म्हणजे तो हैदराबादेपासून तुमच्याकडं होता. मी तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. त्यातून जो सूर आला तो सोलापूरच्या हार्मोनियमचा होता.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

चाची माझ्याकडं पाहत होत्या. म्हणाल्या, "सोलापूरला तुझ्याकडं आले व्हते ना, तवा हेच खिशात व्हतं. देके आतूं बोलके गए. वापस लाये. मैं पूछी तो बोले, काम में था वो."

एवढंच. देऊन येतो म्हणून निघालात आणि परत घेऊन आलात. त्यांनी तुमच्याकडून ऐकलं, मी त्यांच्याकडून. खिशात काटा होता, एवढं यातून सिद्ध होतं. तुम्ही काय बोलला असतात, ते सिद्ध होत नाही.

मी पेटी घेऊन पुढं दुकानात आलो. सिद्राम तिथं बसला होता. क्लॅरिनेट सोडून त्यानं आता तुमची कॉर्नेट घेतली आहे, आणि ती त्याला जमत नाही, हे तो स्वतःच सांगतो. "मास्तर वाजवायचे तवा सोपी दिसायची ओ." शनिवारी माकणीला लग्न आहे. बयान्याचे आगाऊ पैसे तुम्हीच घेतलेले, बोली गिटारीसकट. गिटार वाजवायला ताशेवाल्याचा भाऊ तयार झाला आहे. त्याला तीन स्वरमेळ येतात, तुम्हीच दाखवलेले. फक्त जुळवणारं कुणी नाही.

"तुमी जुळवून देता का, दिगूभाऊ?" सिद्राम म्हणाला. "तुमाला येत असंल की."

मला येत नव्हतं. पण हातात काटा होता, आणि आरे छेडून छेडून तयार झालेला कान होता. मी काटा वाजवला आणि पाचव्या तारेची खुंटी धरली. कुठल्या बाजूला चढते ते दोन वेळा चुकून कळलं. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. तासभर गेला. सहाही तारा सोलापूरच्या सुरात आल्या. सिद्रामनं कॉर्नेट फुंकली. ते दोन आवाज तुमच्या दुकानात राहू शकत नव्हते. मग मी एकेक तार परत एक सूर खाली घेतली, लोहाऱ्याच्या सीवर. तिथं सगळं जुळलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला काहीही चढं वाटलं नाही.

सिद्राम वाकून बघत होता. "आसं व्हय! दाखवा की आमाला बी. दर लग्नाला तुमाला सोलापूरहून कुठं बोलवायचं?" त्यानं हात पुढं केला आणि वरची खुंटी धरली.

"खुंटीला हात लावायचा नाही," मी म्हणालो.

मास्तर, ते मी ठरवून म्हणालो नव्हतो. तार तुटेल असं वाटलं का? तासभराचं काम बिघडेल असं वाटलं का? की मला परत बोलवावं लागावं, असं वाटलं? सिद्रामचा हात मागं गेलेला मी पाहिला. माझाही असाच गेला होता. तुमच्याविरुद्ध मी इतकी वर्षं जे एक उत्तर धरून बसलो होतो, ते स्वतःला लावून पाहिलं. मला स्वतःचंही सांगता आलं नाही.

मी काटा सिद्रामच्या डाव्या हातात दिला. उजवा हात धरून खुंटीवर ठेवला. म्हणालो, "पिळा. मी सांगेन तिथं थांबा."

तो जोरात पिळत गेला. मी सांगायच्या आत तार तुटली.

मग सिद्राम उठला, भिंतीशी उलट्या उभ्या असलेल्या सायकलीची ब्रेकची वायर सोडली आणि दारात बसून तिचे पदर उलगडू लागला. लग्नाला अजून दोन दिवस होते.